वाचकांचे प्रश्न : चालीरीतींचा निवाडा कोणी करायचा?

गेल्या अंकात अफगाणिस्तानातील मुलींच्या शाळाबंदीवर या सदरात एक छोटे उत्तर छापले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. चारही पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे, म्हणजे दुसऱ्या समाजाच्या चालीरीतींचा निवाडा बाहेरच्याने करावा का याकडे, असल्यामुळे बाकीचे विषय या महिन्यापुरते बाजूला ठेवले आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या वर्गात केनिया आणि सोमालिया येथील मुलींच्या सुंतेच्या (जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या) प्रथेवर चर्चा झाली. मी त्या प्रथेला 'अत्याचार' म्हटले. तेव्हा हा शब्द पाश्चात्त्य चष्म्यातून आलेला आहे, प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्याच मूल्यांनी समजून घ्यायची असते आणि बाहेरच्याने निवाडा करायचा नसतो, असे मला शिक्षकांनी सांगितले. मला ते पटले नाही, पण उत्तरही सुचले नाही. माझे चुकले का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचा शब्द चुकलेला नाही. मात्र तुमच्या शिक्षकांचे म्हणणे अडगळीत टाकावे असेही नाही, कारण ते ज्या विचारावर उभे आहेत त्याचा जन्म चांगल्या हेतूतून झाला. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांनी जगातील माणसांची एक शिडी रचली होती. तळाशी 'रानटी', मध्ये 'अर्धसंस्कृत' आणि सर्वांत वरच्या पायरीवर, अर्थातच, शिडी रचणारे स्वतः. ती शिडी मोडून काढण्याचे श्रेय मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांकडे जाते. त्या शिष्यांपैकी मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनी १९४७ साली, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा आकार घेत असताना, अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या वतीने एक निवेदन लिहिले. युरोप-अमेरिकेच्या मूल्यांतून घडलेला जाहीरनामा साऱ्या मानवजातीला कसा लागू पडणार, असा त्याचा मथितार्थ होता. वसाहतींची राज्ये अजून उभी असताना हा प्रश्न विचारणे धाडसाचेच होते. त्याच संघटनेने १९९९ साली मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचा जाहीरनामा स्वीकारून जुनी भूमिका सोडली, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या वर्गांत पुष्कळदा सांगायची राहून जाते.

तुमच्या वर्गात जो गोंधळ झाला तो बहुधा अभ्यासाची पद्धत आणि अभ्यासाअंती द्यायचा निकाल या दोन गोष्टी एक मानल्यामुळे झाला. एखादी रीत समजून घेताना आपली मते तात्पुरती खुंटीला टांगून ठेवावी लागतात, हे खरेच आहे. केनियातील किकुयू समाजात या विधीला 'इरुआ' म्हणत. त्यातून गेल्यावाचून मुलगी बाई होत नसे, तिला तिच्या वयाच्या मुलींच्या गटात स्थान मिळत नसे आणि तिचे लग्नही होत नसे. १९२९ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपल्या अनुयायांकडून ही प्रथा सोडण्याची शपथ मागितली, तेव्हा हजारो किकुयू चर्च सोडून गेले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटा यांनी लंडनमध्ये मानववंशशास्त्र शिकत असताना, १९३८ साली, या प्रथेचे जे समर्थन छापले त्यामागे हाच संताप होता. हा सारा संदर्भ माहीत नसताना नुसता 'अत्याचार' हा शब्द फेकला तर काय होते, तेही केनियातच दिसले. १९५६ साली मेरू जिल्ह्यात, इंग्रज अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून, 'न्जुरी न्चेके' या वृद्धांच्या सभेने प्रथेवर बंदी घातली. तेव्हा मुलींनी ब्लेड घेतले आणि त्या एकमेकींची सुंता करू लागल्या. लोकांनी त्यांना 'न्गाइताना' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'मी माझी मीच करीन'. पुढच्या तीन वर्षांत मुली, बायका आणि पुरुष मिळून दोन हजारांहून अधिक जणांवर खटले भरले गेले.

येथवर तुमचे शिक्षक आणि मी एकाच वाटेने चालत आहोत. पण हे सगळे समजले म्हणून निकाल देण्याचा हक्क संपला, ही पुढची उडी मला मान्य नाही. एक तर 'कोणीही दुसऱ्या संस्कृतीचा निवाडा करू नये' हा नियमच सर्व संस्कृतींना सरसकट लावलेला आहे, म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तीच आधी तोडायची. त्याहून गंभीर अडचण आपल्या घरातली आहे. योग्य काय ते त्या त्या समाजाची मूल्येच ठरवत असतील, तर १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढणारे जोतीराव आणि सावित्रीबाई चुकलेच म्हणायचे आणि त्यांच्यावर शेण फेकणारे बरोबर, कारण समाजाची मूल्ये तेव्हा निःसंशय शेण फेकणाऱ्यांच्या बाजूने होती. या तत्त्वाप्रमाणे प्रत्येक सुधारक यशस्वी होईपर्यंत अपराधी असतो आणि यशस्वी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी साधू होतो. इतके लवचीक तत्त्व कोणाच्या उपयोगाचे, हे मला तरी कळलेले नाही.

आता 'त्यांची मूल्ये' हा शब्द जरा उकलून पाहू. मेरूमध्ये प्रथा चालू ठेवणारे वृद्ध पुरुष होते आणि बंदी घालणारेही तेच वृद्ध पुरुष होते. जिच्या शरीराबद्दल हे चालले होते तिला दोन्ही वेळा कोणी विचारले नव्हते. मग आया हे का करतात? याचे उत्तर मला सेनेगलमधील एका घटनेत सापडते. मालिकुंडा बांबारा नावाच्या गावातील स्त्रिया 'तोस्तान' या संस्थेच्या वर्गांना जात. तेथे अक्षरओळख, आरोग्य आणि हक्क हे विषय चालत. ३१ जुलै १९९७ रोजी त्यांनी गावासमोर सुंता सोडत असल्याचे जाहीर केले. शेजारच्या गावांना ते मुळीच रुचले नाही. तेव्हा केउर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनी अडचण नेमकी ओळखली. मुली एका गावात जन्मतात आणि दुसऱ्या गावात दिल्या जातात, तेव्हा एकट्या गावाने प्रथा सोडली तर त्याच्या मुली घरातच राहणार. सोयरीक असलेल्या साऱ्या गावांनी एकदमच सोडली पाहिजे. हे गृहस्थ गावोगाव पायी फिरले, नातलगांच्या अंगणात बसून बोलले, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत तेरा गावांनी मिळून घोषणा केली. सरकारचा कायदा १९९९ साली, म्हणजे त्यानंतर आला.

चीनमध्ये पाय बांधण्याची चाल याच किल्लीने उघडली होती. पाच-सहा वर्षांच्या मुलीची अंगठा सोडून बाकीची बोटे तळव्याखाली मुडपून, लांब पट्ट्यांनी पाय आवळून, तीन इंची पाऊल घडवण्याची ही चाल सुमारे हजार वर्षे टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी मंडळे निघाली त्यांच्या सभासदांची शपथ दुहेरी होती : मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही, आणि माझ्या मुलाला पाय बांधलेली बायको करणार नाही. यातील दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. मोठे पाय असलेल्या मुलीला नवरा मिळेल याची हमी झाली आणि जी चाल सहस्रक उलटले तरी हलली नव्हती ती कित्येक भागांत एका पिढीत संपली. ती खरोखरच त्या आयांच्या अंतःकरणातील मूल्य असती, तर दार किलकिले होताच त्या बाहेर पडल्या असत्या का? आईने मुलीचे पाय बांधले ते मुलीला कोणी पत्करणार नाही या भीतीने. बाहेरून पाहणारा सापेक्षतावादी, म्हणजे प्रत्येक संस्कृती तिच्याच मूल्यांनी जोखावी असे मानणारा, त्या भीतीलाच 'संस्कृती' समजतो आणि तिच्यापुढे आदराने टोपी काढतो, एवढीच माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

तेव्हा पुढच्या तासाला शब्द मागे घेऊ नका. मात्र त्या शब्दासोबत मालिकुंडा बांबारा आणि मेरू या दोन्ही गोष्टी सांगा. एकच सांगितलीत तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

प्रश्न : इंग्रजांनी 'या लोकांच्या बायकांचे हाल पाहा' असे म्हणत आपल्यावरील राज्याचे समर्थन केले. २००१ च्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानवर बॉम्ब पडत असताना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नींनी तेथील स्त्रियांच्या मुक्तीबद्दल रेडिओवर भाषण केले. साऱ्या जगाला एकच मापदंड लावायचा म्हटले की तो नेहमी बलवानाच्या हातातील काठी होतो. मग सापेक्षतावाद निदान दुबळ्यांचे रक्षण तरी करतो, असे आपणास वाटत नाही का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : काठीबद्दलची आपली शंका रास्त आहे, आणि तिला पुष्टी देणारे माझ्या आवडीचे उदाहरण लॉर्ड क्रोमर यांचे. हे गृहस्थ १८८३ पासून १९०७ पर्यंत इजिप्तचे खरे सत्ताधीश होते. इजिप्तच्या मागासलेपणाचे मूळ तेथील स्त्रियांच्या पडद्यात आहे, असे ते सांगत. मायदेशी परतल्यावर त्यांनी कोणते कार्य हाती घेतले असेल? इंग्लंडमधील स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या संघटनेचे अध्यक्षपद. कैरोतील बाईच्या चेहऱ्याची काळजी करणाऱ्या या माणसाला लंडनमधील बाईचे मत सोसत नव्हते.

पण आपल्या प्रश्नातील दुसरा अर्धा भाग, म्हणजे सापेक्षतावाद दुबळ्यांचे रक्षण करतो हा, मला आपल्याच इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावासा वाटतो. १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यानंतर त्या सासरी गेलेल्याच नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला, आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे कळवले. 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालवली. मुद्दा धर्माचा आणि परंपरेचा आहे, परक्या सरकारने आणि इंग्रजी शिकलेल्या बायकांनी त्यात ढवळाढवळ करू नये, असा लोकमान्यांचा रोख होता.

आता यातील गंमत पाहा. बायकोने नांदायला यावे म्हणून न्यायालयात दावा लावण्याची तरतूद मुळात हिंदू धर्मशास्त्रातली नव्हतीच. ती इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून आली होती, आणि हिंदू कायद्यात तिला आधार नाही हे न्या. पिन्ही यांनी निकालातच नोंदवले होते. म्हणजे आपली परंपरा परक्यांपासून वाचवण्यासाठी जी ढाल पुढे केली गेली तीच विलायती बनावटीची होती. इंग्लंडने ही तरतूद १९७० साली रद्द केली. आपल्याकडे ती हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजून सुखाने नांदते आहे. 'आमच्या संस्कृतीत असेच असते' हे वाक्य ऐकले की मला हा खटला आठवतो आणि मी विचारते : असेच म्हणजे केव्हापासून, आणि हे सांगतो कोण? रखमाबाई इंग्रज नव्हत्या. मुंबईत वाढलेली, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने पत्रे लिहिणारी, पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झालेली आणि सुरतेत व राजकोटला रुग्ण तपासणारी ही बाई संस्कृतीच्या आतच उभी होती. दुबळी बाजू कोणाची होती, हे मी आपल्यावर सोडते.

हेच विसाव्या शतकातही घडले. १९६६ च्या १८ एप्रिलला हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. त्या सात जणी समाजाच्या प्रतिनिधी नाहीत, असे तेव्हा ठणकावून सांगण्यात आले. प्रतिनिधी कोण हे ठरवणाऱ्यांत बाई एकही नव्हती.

आणि काठी फक्त सार्वत्रिक मापदंडाचीच होते असेही नाही. १९८७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात चीनमधून आलेल्या एका माणसाने पत्नीच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांवरून हातोडीने तिचा जीव घेतला. चिनी संस्कृतीत पत्नीचा व्यभिचार पुरुषासाठी किती मोठी मानहानी असते याची साक्ष न्यायालयात एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने दिली, आणि १९८९ मध्ये आरोपी पाच वर्षांच्या देखरेखीवर सुटला. तुरुंगवासाची शिक्षा एका दिवसाचीही नाही. आशियाई-अमेरिकन स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, त्यांचा प्रश्न साधा होता : मेलेली बाईसुद्धा चिनीच होती, तिची संस्कृती कोणी विचारली का?

मापदंड पाश्चात्त्यच असतो, हे गृहीतकही तपासून पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र' अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग होता. तो बदलून 'सर्व मानव' असा करायला लावला तो भारताच्या हंसा मेहता यांनी. विवाहात स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या सोळाव्या कलमाचा आग्रह धरणाऱ्यांत पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला पुढे होत्या, कारण बालविवाह त्यांच्या डोळ्यांसमोर होता. वसाहतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशांच्या या दोघी जणी हे कलम कोणाच्या सांगण्यावरून मांडत नव्हत्या.

काठी टाळण्याचा मार्ग मला एकच दिसतो. निवाडा आणि हस्तक्षेप या दोन वेगळ्या पायऱ्या मानायच्या. इराणचे उदाहरण घ्या. १९३६ साली रझा शाहने फर्मान काढून पडदा बंद केला. रस्त्यात पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढू लागले आणि अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच थांबवले. १९७९ च्या क्रांतीनंतर उलट सक्ती आली. त्या वर्षी मार्चमध्ये तेहरानच्या स्त्रिया तिच्याविरुद्ध हजारोंनी रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतील मृत्यूनंतर पुन्हा उतरल्या. नाही म्हणणाऱ्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारला की शाह आणि मौलवी दोघेही एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. पण म्हणून तेहरानवर क्षेपणास्त्रे टाकण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. तालिबानने मुलींवर घातलेल्या विद्यापीठबंदीचा डिसेंबर २०२२ मध्ये निषेध करणाऱ्यांत कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमामही होते, आणि ती बंदी शरियतच्या विरोधात आहे असे त्यांनी बजावले होते. काबूलमधल्या मुलीला या निषेधाचा उपयोग रेडिओवरच्या कोणत्याही भाषणाहून अधिक आहे.

प्रश्न : सर्व संस्कृती सारख्या नसतात हे आपण मान्य करता. मग त्यांची प्रतवारी लावायला संकोच कशाला? स्त्रियांच्या बाबतीत आपली संस्कृती तालिबानपेक्षा श्रेष्ठ आहे आणि युरोपची कदाचित आपल्याहून श्रेष्ठ असेल, असे सरळ म्हणून टाकावे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रतवारी कांद्याची लावतात. निवाडा प्रथेचा करावा, संस्कृतीचा नव्हे, कारण संस्कृती नावाचे गाठोडे कधीच एका भावाने विकले जात नाही. आपण युरोप वर ठेवलात म्हणून सांगते : स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार १९७१ साली मिळाला, आपल्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. त्या देशातील आपेनझेल इनररोडेन या परगण्यात पुरुष कमरेला तलवार लावून उघड्या चौकात जमत आणि हात वर करून मतदान करत. तलवार हाच मतदार असल्याचा पुरावा. ही आमची प्राचीन परंपरा आहे, असे म्हणून त्यांनी १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा स्त्रियांना चौकात येऊ दिले नाही. अखेर नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. युक्तिवाद शब्दशः आपल्या ओळखीचा आहे, फक्त तो आल्प्सच्या पायथ्याशी झाला. आणि आपण श्रेष्ठ म्हणता त्या आपल्या घरात, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती हा बलात्कार नव्हे, हा अपवाद कायम ठेवला आहे. विवाहसंस्था मोडेल, हे त्यामागचे कारण सरकारने न्यायालयातही सांगितले आहे. इंग्लंडने ही सूट १९९१ साली मोडीत काढली आणि तेथे लोक अजून लग्ने करतात.

प्रश्न : माझी कचेरीतील जवळची मैत्रीण दाऊदी बोहरा समाजाची आहे. तिची मुलगी आता सात वर्षांची होईल, तेव्हा तिचे खतना, म्हणजे सुंता, करण्याची वेळ आली आहे, असे ती परवा डबा खाताना म्हणाली. मला धक्का बसला. ती म्हणाली, 'माझ्या आईने माझे केले, प्रेमानेच केले, मला काही त्रास नाही. छोटीशी गोष्ट आहे.' ती शिकलेली, कमावती आणि हुशार आहे. ती स्वतःच सुखी असल्याचे सांगत असताना तिला पीडित म्हणणारी मी कोण?
— एक वाचक, मीरा रोड

उत्तर : पहिल्या पत्रातील विद्यार्थिनीला ज्या प्रथेसाठी सोमालियापर्यंत जावे लागले ती मुंबईच्या लोकलच्या अंतरावर आहे, हे तुमच्या पत्रामुळे सांगता येते. दोन्हींत फरकही आहे. सोमालियात बहुतेक वेळा जे केले जाते ते फार भीषण असते, बोहरा समाजात कापले जाते ते थोडे. पण सात वर्षांच्या मुलीच्या शरीराचा भाग, वैद्यकीय कारणाविना, तिला न विचारता कापणे हे दोन्हीकडे सारखेच. जगभरात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया अशा कोणत्या ना कोणत्या प्रकारातून गेल्या आहेत, असा युनिसेफचा २०२४ चा अंदाज आहे. ही प्रथा 'मुसलमानांची' नाही, हेही लक्षात असू द्या. जगातील बहुसंख्य मुसलमान ती पाळत नाहीत आणि इजिप्तमध्ये ती ख्रिश्चन घरांतही चालत आली आहे.

तुमच्या मैत्रिणीचे 'मला काही त्रास नाही' हे वाक्य खोटे मानू नका. मीही एके काळी तशा वाक्यांना झटकन खोटे ठरवत असे. आमच्या कोकणातल्या घरी वडिलांची आत्या होती. अंगावर लाल आलवण, आणि दर पंधरवड्याला मागच्या पडवीत न्हावी यायचा, तेव्हा आम्हा मुलांना पुढच्या अंगणात पिटाळले जायचे. 'नवराच गेला तर केस घेऊन काय करायचेत?' असे ती इतक्या सहज म्हणे की ऐकणाऱ्याला वाटावे, ती भाजी निवडण्याबद्दलच बोलते आहे. शास्त्रातील वचनेही तिला तोंडपाठ होती. मी आठ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला, केस पुंजक्यांनी गळू लागले आणि वडिलांनी माझा गोटा करून घेतला. आत्याआजीने मला ओसरीवर पाहिले, ती उठली, गोठ्यात जाऊन बसली आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला खोबरेल चोळताना एवढेच म्हणाली, 'तुझे येतील गो परत.' पुढेही ती पूर्वीसारखेच बोलत राहिली. तिची दोन्ही बोलणी खरी होती असे मी मानते. ज्यातून सुटका नाही त्याच्याशी माणूस जुळवून घेतो, आणि ते जुळवून घेणे त्याचे स्वतःचे असते. त्याची टिंगल करण्याचा हक्क कोणाला नाही. पण आत्याआजीच्या सहज बोलण्याचा हवाला देऊन पुढच्या विधवेचे केस काढावेत, हे त्या वाक्यातून निघत नाही.

म्हणून मैत्रिणीला पीडित म्हणू नका, त्याची गरजही नाही. प्रश्न तिचा राहिलेला नाही, मुलीचा आहे, आणि मुलीने अजून काहीच म्हटलेले नाही. बोहरा समाजातील स्त्रियाच २०१५ साली निघालेल्या 'सहियो' या संस्थेतून या विषयावर उघड बोलत आहेत. प्रथेच्या बाजूने बोहरा स्त्रियांची संघटनाही उभी आहे. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने उद्या नाही म्हटले तर ती बाहेरच्यांच्या नादी लागली असे होणार नाही, ती आपल्याच समाजातील एका बाजूला उभी राहील. कायद्याचे म्हणाल तर या प्रथेवर वेगळा कायदा आपल्याकडे नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. मात्र लहान मुलीवरील हा प्रकार लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतो, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१८ साली तेथे मांडली आहे. हे तिला माहीत असायला हवे, पण संभाषणाची सुरुवात त्याने करू नका.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मी पुन्हा वाचली. विषय तिनेच काढला. जिचा निर्णय झालेला असतो ती परधर्मीय मैत्रिणीसमोर डबा उघडताना ही गोष्ट सांगत नाही, समाजात याबद्दल बाहेर बोलण्याची पद्धतच नाही. तेव्हा पुढच्या वेळी सोमालियाचे आकडे सांगू नका. तिला तिचा तो दिवस आठवतो का, एवढेच विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.